ड्रमांना डोळे

लेकीला घेऊन कंपनीत जायचं हा निर्णय माझाच होता, हे आधीच सांगून ठेवतो. (रोहिणीनं तो मला आदल्या दिवशी नीट समजावून सांगितला, एवढंच.)

कोरोनाचं वर्ष. रोहिणी पेणला दवाखान्यात नर्स, मी रोह्याला केमिकल कंपनीत स्टोअर-क्लार्क. घर रोह्याजवळ वरसे गावात, घरात पाच वर्षांची अनन्या. बालवाडी बंद. सासरे जोह्याला गणपती घडवतात, पण तिथल्या गावकऱ्यांनी गावात येणारे रस्ते बांबू टाकून अडवलेले. कंपनी म्हणाली, रजा नाही. पोर हा तुमचा घरगुती प्रश्न. म्हणजे बायकोनं नोकरी सोडायची.

"मी सोडणार नाय," रोहिणी म्हणाली. "वॉर्डात माणसं तडफडतायत. तुमचे ड्रम काय पळून जाणारेत?"

मला भयंकर राग आला. बाई खरं बोलत होती ना!

गेटवर काळुराम वॉचमननं अडवलं. म्हटलं, ठीक, मग आम्ही दोघंही परत जातो, गाडीचा माल तूच काढ. त्यानं मुकाट गेट उघडलं. स्टोअरमध्ये अनन्याच्या हातात मार्कर दिला आणि मी टेबलावर डोकं टेकून विचार करू लागलो. (विचार खोल होता. घोरणं ऐकू आलं म्हणे.)

जाग आली तर ओळीनं उभे रिकामे ड्रम माझ्याकडे टक लावून बघत होते. प्रत्येकाला लांबट, काजळ घातलेले, अगदी गणपतीचे डोळे! तेवढ्यात आमचे मॅनेजर धनेशसाहेब आले. हे कुणी केलं, त्यांनी विचारलं.

"मी. आंधळे होते ते," अनन्या म्हणाली. "आजोबा म्हणतात, डोळे आखल्याशिवाय मूर्ती कारखान्यातून सोडायची नाय."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नोकरी गेलीच होती, मग घाबरायचं कशाला? सांगून टाकलं: बायको नोकरी सोडणार नाही, मी सोडणार नाही आणि पोर उद्याही येणार. काय करायचं ते करा. दाराबाहेर स्टोअरमधले प्रविण आणि मिथुन कान लावून होतेच. आमचीही पोरं उद्या येणार, असं ते आतल्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, ट्रेनिंग हॉल रिकामा आहे, देतो. पण मुलांना सांभाळणार कोण?

"त्यात काय आहे साहेब? पोरं काय, कोणीही सांभाळेल!" मी गरजलो.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. हॉल सुरू, पगार चालू, मुलांचा इनचार्ज मी. रोहिणी फोनवर इतकी हसली की तिकडची सिस्टर धावत आली. हॉलमध्ये कुणाला शू, कुणाला आई, कुणाला दुसऱ्याचाच डबा. पोरांना लांब लांब बसवायचं, तर ती माझ्या अंगावर बसलेली. दुपारपर्यंत मला ड्रमांची आठवण येऊन गहिवरून आलं.

त्याच दुपारी साहेब काचेतून डोकावले आणि काळुरामला म्हणाले, "इतक्या वर्षांत या माणसाला ड्युटीवर जागं आज पहिल्यांदा बघतोय."

हे मला काळुरामनं नंतर सांगितलं. मी कुठला ऐकतोय? मी खुर्चीत गाढ झोपलो होतो, आणि अनन्यानं माझ्या फेस शील्डवर डोळे आखून ठेवले होते.