सत्तर पावलांवरचं स्कॉटलंड

नाना दरवर्षी मे महिन्यात बायकोला घेऊन स्कॉटलंडला जात. स्कॉटलंड त्यांच्या मागच्या दारापासून सत्तर पावलांवर होतं. मी मोजलीयत.

नानांचं घर दिवेआगरात आमच्या शेजारी, रस्त्याला लागून. घरामागे त्यांची नारळ-पोफळीची वाडी, आणि वाडी संपून समुद्राची पुळण सुरू होते तिथे एक खोप. एरवी तिच्यात सुपारीची पोती, दोन कोयते आणि एक म्हातारी कोंबडी राहायची. मे महिन्यातले आठ दिवस मात्र पोती बाहेर जायची, शेणसारवण व्हायचं आणि खोपीचं स्कॉटलंड व्हायचं. कोंबडी तिथेच राहायची. ती तिथलीच रहिवासी, असं नानांचं म्हणणं.

"नाना, मागच्या दाराने गेलात तर दोन मिनिटं लागणार नाहीत," मी पहिल्याच वर्षी म्हणालो होतो.

"मागच्या दाराने गेलं तर त्याला वाडीत जाणं म्हणतात, मास्तर. प्रवास म्हणत नाहीत."

म्हणून बैलगाडी. पहाटे पुढच्या दाराला हे एवढं कुलूप लागायचं. गाडीत ट्रंक, वळकटी, कंदील, पाण्याची कळशी, आणि या सगळ्याच्या मध्ये काकू, मांडीवर दशम्यांचा डबा घेऊन. आख्ख्या आळीचा निरोप घेऊन गाडी निघायची ती पार गावाबाहेर, तिथून खालच्या दगडी पाखाडीने, मग पुळणीवरून ओहोटी साधून, आणि दुपार टळता टळता समुद्राकडच्या बाजूने नानांच्याच वाडीत शिरायची. गाडीवान धोंडू पहिल्या वर्षी फार गोंधळला होता.

"नाना, ही वाट तुमच्याच वाडीत जातेय."

"माहीत आहे. हाक तू."

"मंग सकालधरनं आपन कुटं चाललोय?"

"स्कॉटलंडला."

"व्हय," धोंडू म्हणाला, आणि बैलांना म्हणाला, "चला रं, लांब जायचाय."

दुसऱ्या वर्षापासून धोंडू स्वतःच विचारायला यायचा, "यंदा कदी निगायचा परदेशाला?"

आता हे खूळ आलं कुठून, ते सांगतो. नाना बावीस वर्षं बोटीवर इंजिनखान्यात तेलवाला होते. त्यांचा चीफसाहेब स्कॉटलंडचा. एकदा बोट दुरुस्तीला तिकडच्या गोदीत अडकली आणि नानांचा हात भाजलेला, तेव्हा साहेबाने त्यांना चार दिवस आपल्या खेड्यातल्या घरी नेलं. नानांनी बावीस वर्षांत अर्धी दुनिया पाहिली असेल. पण ते सांगायचे फक्त त्या चार दिवसांचं.

"काय सांगू मास्तर. साहेब आणि मडम. घराबाहेर दोन खुर्च्या. समोर डोंगर, डोंगरावर मेंढ्या. सकाळी जे दोघं बसले ते बसले. बोलणं नाही, चालणं नाही. मी म्हटलं, भांडण झालेलं दिसतंय. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, फारच मोठं भांडण दिसतंय. मध्येच साहेब उठतो, स्वतः चहा करतो, तिच्या हातात देतो. ती घेते. पुन्हा आपलं मेंढ्यांकडे बघणं. चौथ्या दिवशी मी धीर करून विचारलं, साहेब, मडमला काही लागलंय का? तर हसून खोकला लागला त्याला. म्हणाला, अरे, आम्ही सुट्टीवर आहोत."

इथे नाना थांबायचे. हे वाक्य ऐकणाऱ्याच्या गळी नीट उतरलं पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष.

"सुट्टी, मास्तर. बायकोलासुद्धा."

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी नाना नोकरी सोडून कायमचे गावी आले. काकूंनी ती बावीस वर्षं एकटीने वाडी शिंपली होती, सासूचं दुखणं काढलं होतं, आणि दर मे महिन्यात मुंबईहून उतरणारं थोरल्या जावेचं बिऱ्हाड जेवूखाऊ घातलं होतं. स्वतःला मूलबाळ नाही, त्यामुळे सगळ्यांनाच वाटे, यमुनेला काय, वेळच वेळ. नानांनी आल्या वर्षी सुताराकडून दोन खुर्च्या करून घेतल्या आणि बिऱ्हाड उतरायच्या आधीचे आठ दिवस स्कॉटलंडच्या नावे लिहून टाकले.

तिथले कायदे कडक होते. काकूंनी चुलीला हात लावायचा नाही. स्वयंपाक नाना करणार. सकाळी पेज, मीठ घालून. "साहेबसुद्धा सकाळी पेजच खातो मास्तर, आपल्यासारखी. मग दीडशे वर्षं राज्य कशाला करत होता, विचारायचं राहिलं." नानांनी चौकड्यांची लुंगी गुडघ्याच्या वर नेसायची, कारण तिकडचे पुरुष तशीच नेसतात. डोक्यावर साहेबाने दिलेली फेल्टची टोपी, तोंडात साहेबाने दिलेला पाइप. संध्याकाळी पाऊस. तिकडे रोज पाऊस पडतो म्हणून नाना शिडीवर चढून झारीने खोपीच्या झावळ्यांवर पाणी घालायचे, आणि मग घाईघाईने खाली उतरून, टोपी काढून, "काय हा पाऊस" म्हणत आत यायचे. गडग्यावरून कुणी "ओ नाना" अशी हाक मारली तर वळून बघायचे नाहीत. फार लावून धरलं तर म्हणायचे, "ते इथे नसतात."

तिसऱ्या दिवशी मला त्यांचं कार्ड यायचं. पोस्टमन ते हातात ठेवताना म्हणायचा, "पत्ता स्कॉटलंडचा, शिक्का आपल्याच गावचा. सहीबिही करायची का, मास्तर?" कार्डावर मजकूर असा: 'हवा उत्तम. मेंढ्या अद्याप दिसल्या नाहीत. काल धोंडूच्या दोन शेळ्या येऊन गेल्या. सौ. मजेत आहे असे वाटते.'

असे वाटते. हे दोन शब्द दर वर्षी असायचे. नानांना खात्री नव्हती, आणि त्याला कारण होतं. खुर्चीवर बसायची काकूंना सवयच नव्हती. त्या काठावर बसायच्या, पाठ ताठ, पदर डोक्यावरून, हात मांडीवर, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारख्या. नानांनी चहा दिला की उभ्या राहून घ्यायच्या. परत आल्यावर विहिरीवर बायका छेडायच्या, "काय गो यमुने, यंदा बोट लागली का?" त्या म्हणायच्या, "लागली, आणि उतरली." पण स्कॉटलंड आवडलं का, असं विचारलं तर एकच उत्तर: "ह्यांची हौस आहे."

परतीचाही प्रवास बैलगाडीनेच व्हायचा. नाना आळीत घरटी एकेक शहाळं वाटायचे, स्कॉटलंडहून आणलेलं म्हणून, आणि मला बाजूला घेऊन विचारायचे, "मास्तर, काकू तुझ्याशी काही बोलली का रे?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. सहज."

सहा वर्षं असं चाललं. सातव्या वर्षी ते मी मोडलं. हे गेल्या आठवड्यापर्यंत मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही.

त्या वर्षी नानांचे थोरले भाऊ बापू पत्र न पाठवता पाच-सहा दिवस आधी आले. बोटीतून उतरून दोन गाड्या करून, नऊ माणसं. नानांच्या दाराला कुलूप. सगळे माझ्या अंगणात.

"काय मास्तर, आमची जोडी कुठे गेली?"

दर वर्षी नाना निघताना मला बजावून जायचे: कुणी आलं तर परगावी गेलेत म्हणायचं, पुढच्या शुक्रवारी येतील. एवढंच माझं काम. मी म्हटलं, "परगावी. शुक्रवारी येतील."

"हरकत नाही," बापू ओट्यावर बसत म्हणाले. "तोवर तुझ्याकडे. तू काय परका आहेस?"

माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. मला पिठलंसुद्धा धड येत नव्हतं. बघता बघता ट्रंका ओट्यावर चढल्या, कुणी माझ्या माठात तांब्या बुडवला, कुणी माझ्या खाटेवर आडवं झालं, आणि बापूंच्या बायकोने माजघरातून विचारलं, "मास्तर, तांदूळ कुठल्या डब्यात?"

त्या प्रश्नाने माझा धीर सुटला. शुक्रवारपर्यंत पाच दिवस होते. मी म्हटलं, "या माझ्याबरोबर." नुसतं बोट दाखवलं असतं तर निदान म्हणता आलं असतं की त्यांनीच शोधलं. मी स्वतः पुढे होऊन, नऊ माणसं मागे घेऊन, वाडीतून निघालो. सत्तर पावलं मोजली ती तेव्हा.

मी त्यांच्या बराच पुढे होतो. शेवटच्या पोफळींपाशी आलो आणि काकू दिसल्या.

नाना नव्हते. ते कोळीवाड्यात मासळी आणायला गेले होते. काकू खुर्चीत होत्या. काठावर नव्हे, पार मागे रेलून. पाय नानांच्या खुर्चीवर लांब सोडलेले. पदर खांद्यावर. डोक्यावर नानांची फेल्टची टोपी, तोंडात न पेटवलेला पाइप. आणि समोरच्या कोंबडीशी त्या नानांच्या आवाजात बोलत होत्या. "काय गं, मेंढ्या कुठायत? सकाळपासून एक मेंढी नाही. कार्डात काय लिहू मी, तुझं डोंबल?" मग पाइप काढून त्या हसल्या. एकट्याच, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांना मी इतकी वर्षं राबणारी गृहिणी म्हणूनच ओळखत होतो. ही बाई मी कधी पाहिली नव्हती.

मागे पाचोळा वाजत होता, पण माणसं अजून लांब होती. मी वळून त्यांना "नाही बुवा, इथे कुणी नाही" म्हणू शकलो असतो. नुसतं खाकरलो असतो तरी त्यांना पाय खाली घ्यायला वेळ मिळाला असता. मी खाकरलोसुद्धा नाही. मला तांदळाचा डबा आठवत होता.

"अगं बाई," बापूंची बायको म्हणाली. "यमुना, हे काय सोंग?"

मुलं हसली. मोठीही हसली. काकू उठल्या, टोपी खुंटीला लावली, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाल्या, "या ना. पाणी देते. प्रवास कसा झाला?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, नुसतं पाहिलं. मी वाडीच्या कडेकडेने निघून आलो. तासाभरात त्यांच्या घरच्या चुलीचा धूर दिसला. नाना दोघांपुरती चार पापलेटं घेऊन परत आले तेव्हा घरात अकरा माणसं होती, असं नंतर कळलं.

रात्री काकू वाटीत आमटी घेऊन माझ्या दारात आल्या. "एकटा आहेस, काही खाल्लं नसशील." बस्स. नवऱ्यालाही त्यांनी कधी माझं नाव सांगितलं नाही. घरच्या सुनेचं ते सोंग नानांसमोर कसं काढायचं, म्हणून बापूंकडच्यांनीही त्या दिवसाचा विषय काढला नाही. नाना समजून चालले की बापूंना पाइपच्या तंबाखूचा वास लागला असणार. त्यांनी पाइप सोडला.

पुढच्या मे महिन्यात काकू म्हणाल्या, "आता नको. पुरे झालं स्कॉटलंड." जावेसमोर त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला कळत होतं. नानांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी आपला अर्थ लावला: हिला कधी आवडलंच नव्हतं, आपल्यासाठी सोसत होती, आता सुटली.

काकू तीन वर्षांपूर्वी तापाने गेल्या. नाना आता पंचाहत्तरीचे आहेत. गेल्या आठवड्यात सकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो, ते सुपाऱ्या सोलत होते. मधूनच म्हणाले, "मास्तर, मी तिला सहा वर्षं छळलं रे."

"कसलं छळलं?"

"आठ आठ दिवस त्या खुर्चीवर बसवायचो. बिचारी ताठ बसायची. कंटाळत असेल. घरी चार कामं दिसत असतील तिला. माझ्या खुळापायी बसली." पुढची सुपारी त्यांनी उगाचच चार वेळा उलटीसुलटी केली. "एकदा जरी म्हणाली असती, बरं वाटतंय."

ते ऐकून मला गप्प बसवेना. बारा वर्षं मी गप्प होतो ते स्वतःसाठी. पण ती गोष्ट माझ्याकडे ठेवून नानांचं केवढं नुकसान करत होतो, ते त्या सकाळी मला कळलं. मी म्हटलं, "नाना, बापूंना वास लागला नव्हता. मी त्यांना घेऊन आलो. मीच." आणि सगळं सांगितलं. ट्रंका, माठ, तांदळाचा डबा, मी पुढे चालत होतो ते, खाकरलो नाही ते. खाली मान घालून सांगत होतो. ओरडतील, हाकलून देतील, काहीही मान्य होतं.

"ते कळलं रे," नाना अधीरपणे म्हणाले. "तू पोफळींपाशी आलास. पुढे?"

"मी चुकून नाही आणलं त्यांना, मुद्दाम..."

"मास्तर, तुझं राहू दे. ती कशी बसली होती?"

मी सांगितलं.

"पाय माझ्या खुर्चीवर? दोन्ही?"

"दोन्ही."

"आणि माझा आवाज काढत होती?"

"हुबेहूब."

"हसली म्हणतोस. म्हणजे पदर तोंडाला लावून?"

"नाही. पोट धरून. डोळ्यांतून पाणी आलं होतं."

नानांनी सुपाऱ्यांचं सूप बाजूला सारलं, हात लुंगीला पुसले आणि माझ्याकडे पूर्ण वळून बसले.

"आता पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "आणि भरभर सांगू नकोस."