बोटीची खरड छाटणी

पाण्याचा स्वभाव वर चढण्याचा असतो आणि कागदाचा स्वभाव खाली बसण्याचा. या दोन स्वभावांची जिथे गाठ पडते, त्या जागेला कार्यालय म्हणतात.

आष्ट्यापासून फार लांब नाही, अशी कृष्णाकाठी डोहवाडी आहे (नकाशात शोधू नये, नकाशा दुरुस्तीला गेला आहे). तिथे तात्याबा सरकारी बोट चालवायचा. बोटीचं नाव हिंदकेसरी. उमेदीची वीस वर्षं तिनं कोयनानगरकडं एका साहेबांना जलाशयातून फिरवण्यात घालवली. खाली अथांग पाणी, त्यामुळं पाय उचलायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. (साहेबांवरही नाही.) म्हातारी झाल्यावर तिला पूरग्रस्तांच्या सेवेत धाडण्यात आलं.

या जातीच्या बोटीचं इंजिन पोटात असतं आणि पंखा बाहेर, मागं, एका जाडजूड पायाच्या टोकाला. नव्या बोटीत बटण दाबलं की तेलाच्या जॅकवर हा पाय वर-खाली होतो. उथळ पाण्यात वर, खोल पाण्यात खाली. ह्याला पॉवर ट्रिम म्हणतात. हिंदकेसरीचा पाय मात्र एका खिळ्यावर अडकवलेला. उचलायचा तर कुणीतरी मागं जाऊन दोरी ओढायची.

गेल्या पुरात काय झालं ते आधी सांगितलं पाहिजे. नदी आणि ओढा यांच्या बेचक्यात मळीवस्ती आहे, अकरा घरांची. तिथून चौदा माणसं घेऊन निघालेली हिंदकेसरी कमरेएवढ्या पाण्यात उसाच्या खोडव्यात रुतली. तात्याबाचे दोन्ही हात सुकाणूवर. मागं जाणार कोण? शेवटी चौदा पूरग्रस्त खाली उतरले आणि त्यांनी बोट ढकलत सुखरूप काठाला आणली. अहवालात 'बचावकार्य यशस्वी' असा शेरा आहे. कोणी कोणाला वाचवलं, हा रकाना अहवालात नाही.

गाव तेव्हापासून त्याला ढकलतात्या म्हणू लागलं. चहावाला अर्जुना तर कप पुढं ठेवून विचारायचा, "तात्या, उचलाय येतोय का, का ढकलू?"

तात्याबा हसून घ्यायचा. पण पुढच्या खेपेला ओढ्याला ओढ असली, तर उतरलेली माणसं परत चढतीलच याची खात्री नव्हती, आणि हे आठवलं की चहा कपातच निवायचा.

आष्ट्यात ट्रॅक्टरचं गॅरेज चालवणाऱ्या लालासाहेबानं बोटीभोवती एक चक्कर मारून निकाल दिला. "गड्या, डंपिंग ट्रॉलीचा जॅक बसवतो की. चार भोकं, दोन नळ्या, एक बटण. अर्ध्या दिसाचं काम हाय."

परंतु शासकीय मालमत्तेस परवानगीशिवाय भोक पाडता येत नाही. (आपोआप पडलेलं चालतं.)

म्हणून फाल्गुनातल्या एका सकाळी तात्याबानं बोट घाटाला लावली. पाणी उतरलं होतं, पाय पायरीवर आपटत होता. दोरी बांधायची कडी तुटलेली (तिचा अर्ज वेगळा). त्यानं पाय वर ओढला आणि दोरी बायकोच्या, दगडाबाईच्या, हातात दिली.

"धर गं जरा. अर्ज टाकून दोन मिंटात आलो."

दगडाबाई दुष्काळी वडूजकडची. तिच्या माहेरी बोट म्हणजे हाताचं. दुसऱ्या प्रकारची बोट तिकडं नसे. तिनं पाण्याकडं संशयानं बघितलं, इंजिनाच्या खोक्यामागं बैठक मारली आणि म्हणाली, "आवं, दोन म्हंजे दोनच. भाकरी थापायच्यात मला."

तात्याबा गेला.

टिपणी पहिली

कार्यालयात अवधूत नावाचे लिपिक होते. मूळ सांगलीचे, शुद्धलेखनाचे भोक्ते, माणूस अत्यंत सज्जन. (नुकसान सहसा सज्जनांच्या हातून होतं, दुर्जन वेळेवर कामाला येत नाहीत.) फाइलीत परका शब्द जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी अर्ज वाचला, पॉवर म्हणजे शक्ती, ट्रिम म्हणजे छाटणी असा कौल दिला आणि विषय लिहिला: 'बोटीची शक्तिचलित छाटणी करणेबाबत.'

छाटणी म्हटल्यावर या जिल्ह्यात दुसरा विचार होत नाही. फाइल द्राक्षाच्या टेबलावर गेली. सतरा दिवसांनी विचारणा आली:

खरड छाटणी की फळ छाटणी?
वेलीचे वय?
काडी पिकली आहे काय?
घड किती ठेवणार?

तात्याबानं इमानदारीनं उत्तर दिलं: वय सत्तावीस. काडी न्हाई, खिळा हाय. घड चौदा धरतील, दाटीवाटीनं सोळा.

त्यावर शेरा आला: 'सत्तावीस वर्षांची बाग ठेवणे परवडणारे नाही. मुळासकट उपटावी.'

मागायला गेला होता पाय, आणि निघाला होता जीव. तो अवधूतांपुढं जाऊन उभा राहिला.

"सायेब, बाग न्हाई वो, बोट हाय. पाण्यावरची."

"मग तसं स्पष्ट यायला हवं," अवधूत हळहळून म्हणाले. "आपण शुद्धिपत्रक काढू."

शुद्धिपत्रक

('बाग' असे वाचले गेले तेथे 'बोट' असे वाचावे.)

शुद्धिपत्रक नव्यानं टंकलं गेलं. टंकताना वेलांटी गळाली आणि तिच्या जागी काना येऊन बसला. एवढासा काना, पण 'बोटीची छाटणी' होती ती 'बोटाची छाटणी' झाली, आणि फाइल आरोग्य खात्यात पोचली.

तपासायला स्वानंदी नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तात्याबाला स्टुलावर बसवलं.

"कोणतं बोट, काका?"

"हिंदकेसरी."

"म्हणजे अंगठा का?" त्यांनी लिहून घेतलं. "कधीपासून त्रास आहे?"

"गेल्या पुरापासनं. खोडव्यात अडकल्यापासनं."

"वाकतं का?"

"न्हाई ना, तीच तर बोंब हाय! बटण दाबलं की वर जाया पायजे."

डॉक्टरीणबाईंनी अंगठा दाबून बघितला. तो सहज वर गेला. त्यांनी प्रमाणपत्र दिलं: 'अर्जदाराची दहाही बोटे शाबूत असून कोणत्याही बोटाची छाटणी आवश्यक नाही.'

हे प्रमाणपत्र फाइलीला लागलं, आणि बोटीला ट्रिमची गरज नसल्याचा वैद्यकीय पुरावा म्हणून पुढं कायम त्याचाच आधार घेण्यात आला.

आकडेवारी

एकूण पत्रे ३४. त्यांत 'बोट' हा शब्द ६१ वेळा. पैकी पाण्यावर चालणारी बोट ९, हाताचे ३८, कोणाकडे तरी दाखवलेले १४. तात्याबाच्या फेऱ्या २२. उसाची वाढ साडेचार फूट. नदी: आपल्या जागी, वाट बघत.

*(ही जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. उन्हाळा इथे गेला.)*

पाहणी

ज्येष्ठाच्या अखेरीस पाहणी समिती आली. अध्यक्ष नानासो, तालुक्यातल्या एकोणीस समित्यांचे अध्यक्ष, आणि विसाव्याला नाही म्हणण्याचा स्वभाव नव्हे. समिती बोटीत बसली. तोंडं पुढं. मागं वळून बघणं समितीच्या कार्यकक्षेत नव्हतं.

तात्याबानं मनाशी ठरवलं होतं: आज अडचण प्रत्यक्ष दाखवायची. जॅक नाही म्हणून काय हाल होतात ते बघूनच यांचं काळीज हललं तर हललं. त्यानं बोट उथळ पाण्यात घातली आणि मान मागं करून ओरडला, "वर घे!"

पाय वर गेला.

"खाली सोड!"

पाय खाली आला. मागून आवाज उमटला, "आवं, जरा दमानं! मी काय यंत्र हाय व्हय?"

नानासोंच्या भुवया उंचावल्या. "आवाजावर चालतंय? बटण बी न्हाई?"

"न्हाई सायेब, ती माझी बायकू हाय."

नानासो पोट धरून हसले. "तात्या, आमच्या गाडीत बी बाई बोलती. डावीकडं वळा म्हणती, उजवीकडं वळा म्हणती. म्हणून काय ती बायकू झाली व्हय रं?"

समिती हसली. तात्याबानं सांगून पाहिलं, हात जोडून पाहिलं, मागं बोट दाखवून पाहिलं (आकडेवारीत पंधरावं). पण अहवाल तोवर लिहून झाला होता:

'हिंदकेसरी या बोटीस पॉवर ट्रिम अगोदरच बसवलेले आढळले. बनावट: देशी. चालवण्याची पद्धत: तोंडी. इंधन: भाकरी. दोष: यंत्र उलट बोलते. नवीन यंत्राची आवश्यकता नाही. फाइल बंद.'

लालासाहेबानं जॅक परत ट्रॉलीला लावला.

पाणी

श्रावणात पाणी आलं. मळीवस्तीचा बांध पहाटेच बुडाला आणि ओढ्याला ओढ लागली. तात्याबाचा चहा निववणारी ती हीच. हिंदकेसरीनं तीन खेपा केल्या. खोडवा आला की तात्याबा ओरडायचा, "वर!" आणि पाय वर. ओढा आला की "खाली!" आणि खाली. सात वेळा वर, सात वेळा खाली. आठव्या वेळी तो ओरडायच्या आधीच पाय वर गेला आणि मागून आवाज आला, "दिसतंय मला. तुमी पुढं बघा."

त्रेचाळीस माणसं काठाला लागली. एकालाही उतरून ढकलावं लागलं नाही. अर्जुनानं चहाचा कप स्वतः तात्याबाच्या ओठाला लावला.

मग सत्कार झाला. तात्याबाला शाल, नारळ. नानासोंना शाल, नारळ. लेखनातल्या अचूकतेबद्दल अवधूतांना नुसता नारळ. यंत्राचा सत्कार करण्याची तरतूद नाही.

तात्याबा शाल घेऊन घाटावर गेला. बोटीच्या मागच्या अंगानं दगडाबाईच आधी म्हणाली, "झाली का वो दोन मिंटं?"

किरकोळ बाब

दगडाबाईच्या हातात दोरी फाल्गुनात दिली होती. कार्यालय विसरलं, तो त्याचा धंदाच आहे. पण द्राक्षाचे घड मोजून, अंगठा वर-खाली होताना बघून वाचक म्हणून आपण हसत होता, तेव्हा ती बाई दोरी धरून घाटावर बसली होती. भाकरी राहिल्या होत्या. ती आपल्याला आठवली, तीही तिनं स्वतः तोंड उघडल्यावर.

पाहणी समितीत एक जागा रिकामी आहे. पात्रता: शेवटपर्यंत तोंड पुढं ठेवून बसता येणे. आपली निवड झाली आहे. मान्य असल्यास काहीही करू नये.