नानांच्या वॉर्निंगा

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एखाद्याचं नाव राहिलेलं दिसलं, की नाना हात जोडून त्याची माफी मागत. "चुकलं रं गड्या, आत्ता घालतो," असं पडद्याला सांगत.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची चौघांची कंपनी होती. नेटवर्क कार्डाला कामाला लावणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, आम्ही लिहायचो. शेजारच्या गॅरेजवाल्याला वाटे, आम्ही ट्रकवर माणसं पुरवतो. नाना सैन्यातल्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. कोड त्यांना येत नसे. पण कोडच्या वर, वाचणाऱ्यासाठी लिहिलेली कॉमेंट मात्र त्यांची. खाली फंक्शनला, म्हणजे कोडच्या एका तुकड्याला, तीन गोष्टी लागतायत आणि वर कॉमेंटमध्ये दोनच नावं, असं झालं की आमचा तपासणीचा प्रोग्रॅम वॉर्निंग द्यायचा. अशा शेकडो वॉर्निंगा छापून नाना लाल पेन घेऊन बसत.

"नाना, त्यानं काही अडत नाही. कार्ड चालतंय की," मी म्हणे.

"आत राबतोय त्यो, आन् वर नाव न्हाई? लय वंगाळ!"

दुपारी पंखा कुरकुरत फिरे. खिडकीत अजिंक्यतारा उन्हात विरघळल्यासारखा दिसे. नाना पुटपुटत एकेक नाव जागेवर बसवत आणि मला गुंगी येई. तारेतून निघालेले निरोप उसाच्या गाड्यांसारखे संथ, एकामागून एक जाताना दिसत. फार सुखाच्या दुपारी होत्या त्या.

अशाच एका दुपारी इस्लामपूरहून त्यांची पुतणी आली. तिचं लग्न ठरलं होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून नानांचा तिच्या वडिलांशी, म्हणजे धाकट्या भावाशी, सहा वर्षं अबोला. तिनं पिशवीतून पत्रिकेचं प्रूफ काढलं.

"आबांना ठावं न्हाई मी आले ते. पर तुमी वाचल्याबिगर छापायची न्हाई मला."

नानांनी वार, वेळ, कार्यालयाचा पत्ता, सगळं तपासलं. 'गिता'ची 'गीता' केली. निमंत्रकांत सगळी भावकी होती. नाना नव्हते.

"नाना, तुमचं नाव घाला की. मी देते छापखान्यात," ती खाली मान घालून म्हणाली.

"मजकूर तुझ्या बानं दिलाय, बाय. त्येच्या हातानं यायचं ते माझ्या हातानं कसं घालू?"

पेनाला टोपण लावून त्यांनी प्रूफ तिला परत दिलं. मी कधीही न पाहिलेल्या त्या भावाचा मला असा राग आला!

ती गेल्यावर नानांनी माझ्याकडं रजेचा अर्ज मागितला. चार दिवसांची रजा, लग्नाच्या आदल्या दोन दिवसांसकट.

"बोलावणं नसताना जाणार?"

"पंगतीत बसाया आवतान लागतं. वाढप्याला कशाला लागतंय?"

आणि 'कारण' या रकान्यात त्यांनी सावकाश, पेन दाबून लिहिलं: घरचं लग्न.