माणसं झाकून सिनेमा बघणारे भाऊजी

श्रीधरभाऊजी टीव्हीवर सिनेमा बघताना एक डोळा मिटतात आणि हात लांब करून तळव्याने नायकाला झाकतात. नायक चालायला लागला की हातही त्याच्याबरोबर सरकतो. नायिका आली की दुसरा हात वर. लंडनजवळ हॅरोच्या आमच्या घरात पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, ह्यांना काही त्रास होतोय. मी पाणी आणून दिलं. ते म्हणाले, "वहिनी, मला काही झालेलं नाही. माणसं काढली की काय उरतं, ते बघतोय."

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. आमच्याच रस्त्यावर राहतात. प्लास्टिकचे ठोकळे जोडून घर, गाडी, किल्ला करायचा, अशी खेळणी बनवणाऱ्या कंपनीत त्यांची नोकरी. कुठल्या सिनेमाचं किंवा कार्टूनचं लायसन्स घेऊन त्याचे सेट काढायचे, हे ठरवणाऱ्यांत ते एक. आमचे हे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. त्यांना ह्याचा फार राग. "मी दिवसभर लोकांचं रक्त तपासतो आणि हा कार्टून बघतो. वर दमलो म्हणतो!"

भाऊजींचं म्हणणं असं की हीरो बदलतात, मुलं त्यांना विसरतात. बांधलेलं तेवढं राहतं. हा नियम ते कुठेही लावत. आमच्याकडे पूजा होती. कथेत व्यापाऱ्याची नाव बुडाली तशी बायकांनी हात जोडले. भाऊजी ह्यांच्या कानात कुजबुजले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "बोट छान आहे रे! बुडणारी एक, वर आलेली एक. दोन बॉक्स निघतील." कॉव्हेंट्रीला पुतणीच्या लग्नात पाठवणीला सगळे रडत होते, तेव्हा भाऊजी मांडवामागे जाऊन खांब कसे अडकवलेत ते तपासत होते. त्यांची बायको मालती त्यांना हाताला धरून घेऊन आली. "अहो, मुलगी निघाली! खांब कुठे जात नाहीत."

मालती गेली त्याला आता काही वर्षं झाली. भाऊजी तिचं नाव काढत नाहीत, म्हणून आम्हीही काढत नाही.

ती गेल्यापासून शनिवारी दुपारी ते आमच्याकडे येतात. पिशवीत नव्या सेटचा नमुना असतो. तो मी जोडायचा आणि त्यांनी बघायचं. ऑफिसात सगळ्यांना गोष्ट आधीच पाठ असते. मला इंग्रजी कार्टून कळत नाहीत, म्हणून मी त्यांना बरी. "गोष्ट माहीत नसताना हातांना मजा आली, तर ते खरं," असं ते म्हणतात. मला फार बोलायला सुचत नाही आणि त्यांना बोललेलं नको असतं. आमचं छान जमतं.

मागच्या ख्रिसमसला मात्र त्यांचा नियम आपटला. एका मालिकेतला बर्फाचा किल्ला त्यांनी हट्टाने निवडला होता. किल्ला सुरेख होता. पण त्यात राहणारी माणसं मुलांना आवडतच नव्हती. पुढे ते बॉक्स सुपरमार्केटात सेलच्या टोपलीत पडलेले दिसले. भाऊजींनी एक उचलून आणला. "कोणीतरी न्यायला हवा ना," म्हणाले. साहेबांनी त्यांना सांगून टाकलं की पुन्हा चुकलात तर निवड करायला तुम्ही नसाल.

ह्या वेळी दोन गोष्टी समोर होत्या. एक अंतराळाचा मोठा सिनेमा. सगळ्यांना तोच हवा होता. दुसरी टीव्हीवरची साधी मालिका, कालव्यातल्या बोटीवर राहणाऱ्या एका आजोबांची. भाऊजींचा जीव त्या बोटीत. त्यांनी नमुना आणला, मी जोडायला बसले. शेगडी, खिडक्या, छपरावर फुलांची कुंडी. शेवटी आजोबांना टेबलाशी बसवलं आणि मला राहवलं नाही.

"भाऊजी, हे एकटेच?"

"प्रत्येक माणसाचा खर्च वाढतो, वहिनी. एकात भागतं."

"मग खुर्च्या दोन कशाला?"

"मालिकेत दोन आहेत म्हणून."

"त्या दुसरीत कोण बसतं?"

भाऊजींनी वाकून बोटीत पाहिलं. कानामागे लाल झाले. "मी ते बघितलं नाही," ते म्हणाले.

आमचे हे आतल्या खोलीतून मोठ्याने हसले. मला कुठून विचारलं असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊजी दारात. दाढी केलेली नव्हती. रात्रभर त्या मालिकेच्या सगळ्या डीव्हीडी पुन्हा पाहिल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून. "आजी बसते, वहिनी. रोज भांडते त्यांच्याशी. फार छान भांडते!"

मीटिंगमध्ये त्यांनी आजीसाठी जिवाचं रान केलं. पण ठरला अंतराळाचाच सिनेमा. त्यावर ते गप्प बसले नाहीत. त्या सिनेमातल्या यानाचं चित्र पुढे ओढून त्यात एक बदल मागितला. साहेबांना तो पटला आणि भाऊजींची जागा राहिली.

पुढच्या शनिवारी ते यान आमच्या टेबलावर आलं. मी जोडत गेले. पायलटच्या मागे आणखी एक सीट निघाली.

"सिनेमात दोघं असतात का?" मी विचारलं.

"नाही. तो एकटाच उडतो. पण घरी मुलं त्याला एकटा कशाला ठेवतील? दुसरं माणूस द्यायला परवानगी नाही मिळाली. सीट मिळाली."

मी सीट दाबून बसवली. भाऊजींनी ती बोटाने हलवून पाहिली.

"मालतीला मागे बसवलं की मळमळायचं," ते म्हणाले. "म्हणून गाडीत ती कायम पुढे. नकाशा तिच्या मांडीवर आणि डावीकडे म्हणताना हात उजवीकडे. एकदा मँचेस्टरला निघालो होतो, तर समुद्र लागला. मी म्हटलं, अगं, हे काय? तर म्हणते, आलोच आहोत तर भजी खाऊ, मी डब्यात आणली आहेत..."

मला हसू आलं. तेही हसले, आणि सांगत राहिले. एकच ठोकळा राहिला होता. तो मी मुठीत धरून ठेवला. लावला असता तर यान पुरं झालं असतं, आणि भाऊजींचं अजून सांगून व्हायचं होतं.