कोरड्या नळाचे व्हिडिओ

डेटा सेंटरच्या भिंतीवर तापमानाचा आकडा चढत होता आणि तो बघून शिफ्ट इंजिनिअरला घाम फुटत होता. मशिनं थंड ठेवणारं पाणी टाकीच्या तळाला गेलेलं, आणि मागवलेल्या टँकरचा पत्ता नाही. मशिनं बंद पडली तर तुझी नोकरी गेली, असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. बजावण्याची साहेबांना भारी हौस.

त्यात मशिनांवरचं कामही वाढलेलं. शहरातले नळ कोरडे पडले म्हणून पाणीखात्यानं फर्मान काढलं होतं की तक्रारीसोबत नळाचा व्हिडिओ पाठवा. नळ खरंच कोरडा आहे का, हे इथली मशिनं तपासणार. लोक व्हिडिओ पाठवत, मशिनं तापत, तापली की आणखी पाणी ओढत, आणि नळ आणखी कोरडे पडत. एवढी अक्कल एकट्या माणसाला सुचत नाही, त्याला अख्खं खातं लागतं.

इंजिनिअरनं टँकरवाल्याला फोन लावला. "अरे बाबा, आहेस कुठं?"

"तुमच्या सेंटरच्या मागच्या कॉलनीत, साहेब. बायकांनी गाडी अडवलीय. एक बाई तर चाकापुढं खुर्ची टाकून बसल्यात."

तो त्याच कॉलनीत राहायचा, आणि चाकापुढं खुर्ची टाकून बसेल अशी बाई तिथं एकच होती. त्यानं बायकोला फोन केला.

"अगं, तो टँकर सोड. आमच्या ऑफिसचा आहे."

"ऑफिसात काय म्हशी पाळल्यात?"

"मशिनं थंड ठेवायला लागतं पाणी."

"घरी लॅपटॉपजवळ पेला ठेवला तरी अंगावर येता, आणि तिकडं टँकर ओतता?"

"माझी नोकरी जाईल गं."

"सासूबाई सकाळपासून बिनआंघोळीच्या बसल्यात. त्यांना तुम्हीच सांगा."

मागून आईचा आवाज आला, "टँकरचा मालक असेल तर दे इकडं." त्यानं पटकन फोन ठेवला.

आता संपलंच सगळं, म्हणून तो डोकं धरून बसला. कर्कश भोंगा सुरू झाला. आणि थोड्या वेळानं आपोआप थांबला. आकडा खाली येत होता. त्यानं स्क्रीन पाहिला, तर व्हिडिओ येणंच बंद झालेलं. सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच कॉलनीतून आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतून येत होत्या, आणि तिथं आता सगळे मोबाईल टाकून बादल्या घेऊन टँकरकडं पळाले होते.

साहेब धावत आले. "टँकर नाही, मग मशिनं थंड झाली कशी? काय केलंस तू?"

"पाणी जरा दुसरीकडं वळवलं, साहेब."

साहेबांना काही कळलं नाही, म्हणून त्यांनी पाठ थोपटली.

घरी गेल्यावर आनंदाच्या भरात त्यानं बायकोला सगळं सांगून टाकलं. तिथंच चुकलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आम्ही व्हिडिओ काढले की तुमची मशिनं तापतात?"

"हो ना."

"बरं. मग उद्या टँकर जरा लवकर पाठवा," ती म्हणाली. "मी सगळ्या बायकांना मोबाईल चार्ज करून ठेवायला सांगते."