कॅरेटच्या खोलीतला संशयित

सांगून ठेवते, मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! मोबाइलवरच्या एका डिटेक्टिव्ह गेममध्ये मी एका बंगल्यातले सगळे खून नुसत्या जबान्या वाचून उलगडले. माळ्यापासून डॉक्टरपर्यंत एकही सुटला नाही. पण गेम संपला आणि माझी पंचाईत झाली. तसा दुसरा सापडेचना!

एक उतरवला, तर त्यात खुनी राहिला बाजूला, कंगवा शोधायला लावला! दुसऱ्यात दर प्रश्नाआधी गरम मसाल्याची जाहिरात. तिसऱ्यात खुनी कोण ते मला चहा उकळायच्या आत कळलं, पण गेमलाच पटेना. 'पुन्हा विचार करा' म्हणे. अरे, तू कर विचार! नुसती चिडचिड होत होती माझी.

त्यात घरात माझ्या दिराच्या, किशोरच्या लग्नाची काळजी. किशोर अंजनगावकडे संत्र्याची बाग सांभाळतो. निर्व्यसनी, दिसायला बरा, पण शेती म्हटलं की मुली नाही म्हणतात. कितीतरी नकारांनंतर अकोल्याच्या आकांक्षाला त्याचा फोटो पसंत पडला होता. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून सासूबाई शिंकतानाही देवाचं नाव घेत होत्या.

आमच्याकडे सोयरीक ठरण्याआधी गुपचूप चौकशी होते. त्यासाठीच माझे मिस्टर, शेखर, त्या सकाळी अकोल्याला गेले होते. आणि इकडे अमरावतीत शेजारच्या माणिकबाई कुंपणावरून कुजबुजल्या, "गीतांजली, एक बुढा तुमच्या घराचं इचारून राहिला वो!"

"काय इचारलं?"

"घर सोताचं हाये का, भाऊ एकत्र राहतात का, पोरगं संध्याकाळी किती वाजता घरी येते..."

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा! खरा गेम दाराशी, तोही बिनजाहिरातीचा! मी लगेच बाहेर पडले. म्हातारा पानठेल्याजवळ उभा राहून आमच्या गच्चीकडे पाहत होता.

"कोनाकडे आले जी?"

"असाच. पाव्हण्याचं घर शोधून राहिलो."

"नाव काय पाव्हण्याचं?"

तो गडबडला, खोकला आणि म्हणाला, "इसरलो."

त्याच्या हातात पिशवी होती, तीही रिकामी. रिकामी पिशवी माणूस कशाला आणतो? भरून न्यायला! झालं, उलगडलं!

"आमचा किशोर आत हाये, त्याले माहीत असन. या ना," मी साखर घोळून थाप मारली. किशोरचं नाव ऐकताच त्याचे डोळे चमकले. गुन्हेगार असाच तर फसतो! संत्र्यांनी भरलेले प्लास्टिकचे कॅरेट ठेवतो त्या खोलीत त्याला पुढे घातलं आणि बाहेरून कडी लावली.

"अवो बाई, कावून कोंडलं मले?"

"ते पोलिसायले सांगजा!"

सासूबाई लाटणं घेऊन धावल्या, माणिकबाई खराटा घेऊन. पोलिसांच्या आधी मी शेखरना फोन लावला. पहिली शाबासकी घरची हवी ना!

"अवो, चोर पकडला!"

"हळू बोल!" ते कुजबुजले. "मी पोरीच्या गल्लीत हावो. घर सोताचं हाये का, भाऊ एकत्र हायेत का, इचारून राहिलो."

मी हळूच कडीकडे पाहिलं. "तुमाले कोनी हटकलं नाही?"

"हटकलं ना. म्हटलं, पाव्हण्याचं घर शोधून राहिलो. चौकशीले गेलेला मानूस खरं सांगते का कुठी? अन् आयक, पोरीचा मामा बी आज आपल्याकडेच निघाला म्हनतात. खुशालराव. कोनाशी वाकडं बोलू नको!"

मी कडी काढली. खुशालराव कॅरेटवर बसले होते. सासूबाईंनी लाटणं पदराआड लपवलं. मी आधी पाया पडले, मग चहाचं विचारलं. ते पिशवी उचलून चहा न घेताच निघून गेले. बागेतून परतलेल्या किशोरनं सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला.

"वहिनी, माह्या लग्नाचा खून केला तुमी!"

मला खरंच रडू आलं. पोरानं किती आशा लावली होती! संध्याकाळी शेखर परतले आणि तेवढ्यात खुशालरावांचा फोन आला. शेखरनी स्पीकर लावला. सगळे फोनभोवती जमले.

"पोरगं चांगलं हाये, असं सारी गल्ली सांगते. कोंडलो तवा चार संत्री खाल्ली, बाग बी चांगली हाये. आमच्या आकांक्षाचा होकार हाये! पन अट एकच. त्या मोठ्या जावेसंगं ती एका घरात राहनार नाही. येगळं बिऱ्हाड पाहिजे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मात्र शांत होते. किशोर आईच्या हातच्या भाकरीशिवाय जेवत नाही, वहिनीशिवाय त्याचं पान हलत नाही. तो ही अट मान्य करणार नाही, हे मी क्षणात ओळखलं.

"मंजूर!" किशोर ओरडला.

आणि माझ्या मागून सासूबाईंचा आवाज आला, "मले बी संगं घेऊन जाजो रे बाप्पा!"