कढईतला गुप्तहेर

औरादच्या बसवप्रभूंनी त्या दिवशी एकच वाक्य बोलायचं ठरवलं होतं. खरं तर बायकोनं तेही बोलू नका म्हणून बजावलं होतं. मुलीला, दानेश्वरीला, बघायला मंडळी यायची होती आणि आधीची दोन स्थळं बसवप्रभूंच्या जिभेनंच परत पाठवली होती. (एका मुलाच्या बापाला त्यांनी, पोरगी झोपेत कशी घोरते ते कौतुकानं करून दाखवलं होतं.)

"ह्या बारीला मिठाची गुळणी धरून बसा," सावित्रम्मा म्हणाली. "पोरगा पोरीच्या मनात भरलाय."

पण मुलाचे वडील, मादन हिप्परग्याचे शिवशंकरप्पा, त्यांच्याहून गप्प. चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन झाली, चहा झाला, तरी शब्द नाही. बसवप्रभूंना ते सोसवेना. टीव्हीकडं बघत ते सहज म्हणाले, "एजंट बेन्सनचे पिक्चर बघता का?"

शिवशंकरप्पांचा चेहरा खुलला. "बघता का म्हणजे? समदे भाग पाठ हायत."

झालं. बसवप्रभूंनी सगळे भाग उदगीरच्या टॉकीजमध्ये हिंदीत पाहिलेले. शिवशंकरप्पांचं दुकान उमेदीच्या काळात जहीराबादला होतं, त्यामुळं त्यांचा बेन्सन तेलुगू. कुणाची मोटार भारी, कुठला खलनायक जास्त हरामी, अशी तुलना मस्त रंगली आणि सगळ्यांत भारी भाग कोणता, इथं येऊन अडली.

"'बर्फ का बदला'," बसवप्रभू म्हणाले.

"ह्यॅ. 'मंचु कोटा'च्या पायाशीबी न्हाई."

"तुमचा मंचु कोटा म्हशीपुढं लावला तर म्हैस आटंल."

"अन् तुमचा बदला बघून मेलेला माणूस उठून पळंल," म्हणत शिवशंकरप्पांनी पायात चप्पल सरकवली. दाराआड दानेश्वरीचे डोळे भरून आले. ते पाहून बसवप्रभूंना आपलीच जीभ चावावीशी वाटली.

तेवढ्यात सावित्रम्मा बाहेर आली. "अण्णा, भांडून काय कळतंय? दोन्ही पिक्चर मोबाईलवर हायत. टीव्हीला जोडून बघा अन् ठरवा."

आधी 'बर्फ का बदला' लागला. हॉटेलातल्या भल्यामोठ्या कढईत बसून बेन्सन बर्फाच्या डोंगरावरून घसरत आला, तेव्हा शिवशंकरप्पा कसनुसे झाले. बसवप्रभू मनातून फुलले. मग 'मंचु कोटा' लागला. तोच डोंगर, तीच कढई, तोच बेन्सन. फक्त तेलुगू बोलत होता.

बसवप्रभूंना म्हैस आठवली. शिवशंकरप्पांना मेलेला माणूस आठवला असावा.

"तेलुगूत कढई जरा जोरात घसरतीय," बसवप्रभू शेवटी म्हणाले.

"व्हय. पण हिंदीत बर्फ जास्त पांढरा हाय."

आणि दोघांनी इमानदारीनं तो शेवटपर्यंत पाहिला.

उठून आत गेले तर सावित्रम्मा आणि मुलाची आई ईरम्मा एकमेकींना साखर भरवत होत्या. साखरपुड्याची तारीख, हॉल, जेवणातला गोड पदार्थ, सगळं ठरलं होतं. दानेश्वरी लाजून हसत होती.

बसवप्रभूंनी बायकोला हळूच बाजूला घेतलं. "अगं, दोन्ही पिक्चर एकच हायत."

"ठाऊक हाय की. उदगीरला तुमच्यासंगं बघितला, जहीराबादला आमच्या अक्कासंगं."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बोलत बसला असता."

बसवप्रभूंचा आवाज अगदी बारीक झाला. "लग्नात तरी बोलू देशील न्हवं?"

"काळजी करू नका," ईरम्मा पलीकडून म्हणाली. "तोच पिक्चर आता कन्नडमधीबी आलाय."